पांढऱ्या उंदराचे घरकुल

शासकीय लेखनात उंदीर हा शब्द सहसा एकटा येत नाही. ‘नियंत्रण’, ‘निर्मूलन’ किंवा ‘प्रादुर्भाव’ यांपैकी एखादा शब्द त्याच्या सोबतीला असतोच. प्रस्तुत लेखकाने मूषक नियंत्रण मोहिमांची प्रसिद्धीपत्रके अनेक वर्षे लिहिली आहेत आणि यापुढेही ती लिहावी लागतील, याबद्दल त्याची तक्रार नाही. कणगीतील धान्याची नासाडी, भातखाचरांच्या बांधांतील बिळे, १८९६ साली मुंबईत उद्भवलेला प्लेग आणि २००५ च्या जुलैतील महापुरानंतर त्याच शहरात पसरलेला लेप्टोस्पायरोसिस, ही सारी वस्तुस्थिती आहे. अशा प्राण्याला हौसेने पाळावे आणि त्याच्या सुखसोयीचे घर बांधून द्यावे, असे सांगू लागल्यास वाचकांना नवल वाटेल. ते स्वाभाविकच आहे.

तथापि पांढरा उंदीर आपली संमती विचारून घरात आलेला नाही. मुलांच्या हट्टापायी तो काही घरांतून आलेला आहे. काही शाळांच्या जीवशास्त्राच्या खोलीतही तो आढळतो. तो पाळावा की पाळू नये, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. परंतु एकदा तो पिंजऱ्यात घातला की त्याची दोन-अडीच वर्षे कशी जातील, हे सर्वस्वी आपल्या हाती असते. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमात ‘प्राणी’ या शब्दाची व्याख्या मनुष्याखेरीज कोणताही सजीव जीव अशी व्यापक आहे. ज्या पिंजऱ्याची लांबी, रुंदी व उंची प्राण्याला पुरेशी हालचाल करू देत नाही, अशा पिंजऱ्यात त्याला कोंडणे हा त्याच अधिनियमाच्या कलम ११ अन्वये गुन्हा आहे. पोपट, ससा आणि उंदीर यांत हे कलम भेद करीत नाही. कायद्याच्या अधिकाराने होणारा उपद्रवी प्राण्यांचा नाश मात्र याच कलमाने वगळलेला असल्याने मूषक नियंत्रणाच्या कामास त्याची बाधा येत नाही.

हा उंदीर कोणता?

दुकानांतून ‘पांढरा उंदीर’ या एकाच नावाने दोन निरनिराळे प्राणी विकले जातात. एक पिटुकला, वीस ते चाळीस ग्रॅम वजनाचा. दुसरा चांगला हातभर, म्हणजे शेपटीसह चाळीस सेंटिमीटरच्या आसपास लांब आणि पूर्ण वाढ झाल्यावर पाव ते अर्धा किलो वजनाचा. या लेखात दुसऱ्याचा विचार केलेला आहे. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवू नये, कारण मोठा लहानाला मारतो.

आपल्या कौलांवरून धावणारा काळपट घरउंदीर किंवा शेतातील घूस यांच्याशी या पांढऱ्याचे नाते दूरचे आहे. त्याचा मूळ पुरुष तपकिरी उंदीर होय. हा उत्तर चीन व मंगोलियाच्या बाजूचा रहिवासी अठराव्या शतकात युरोपभर पसरला. जपानमध्ये उंदीर पाळण्याची हौस त्याच शतकात इतकी वाढली होती, की उंदीर कसे सांभाळावेत याचे एक पुस्तक १७७५ साली ओसाका शहरात प्रसिद्ध झाले. इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीचा उंदीर पकडणारा जॅक ब्लॅक हा पकडलेल्या उंदरांतील वेगळ्या रंगाचे उंदीर बाजूला काढून त्यांची पैदास करी व ते विकी. म्हणजे निर्मूलनाचे आणि संगोपनाचे काम एकाच माणसाने केल्याचे उदाहरण आहे. पुढे प्रयोगशाळांनी हा प्राणी उचलला. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्थेत विसाव्या शतकाच्या आरंभी तयार झालेला पांढरा वंश जगभर गेला. माणसाच्या सहवासात इतक्या पिढ्या काढल्यामुळे हा उंदीर माणसाला बुजत नाही, उलट त्याच्या बाहीत शिरून झोपी जातो. रानातला उंदीर पकडून त्याला असा माणसाळवता येत नाही आणि तसा प्रयत्नही कोणी करू नये.

एक चुकलेला प्रयोग

या विषयाकडे प्रस्तुत लेखक वळला तो अभ्यासाने नव्हे, चुकीने. तीन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात मुलीच्या आग्रहावरून एक पांढरा उंदीर घरी आणला. विक्रेत्याने सोबत वीतभर रुंदीचा तारेचा पिंजरा आणि वखारीतील लाकडाच्या भुशाची एक पिशवी दिली. ‘एकच पुरे, कोपऱ्यात पडून राहील’, असेही त्याने सांगितले, आणि आम्हांस ते सोयीचे वाटले. पिंजरा गच्चीलगतच्या सज्जात ठेवला. तळाला जाळी होती, त्यामुळे घाण खाली पडे व साफ करणे सोपे जाई. उंदीर खरोखरच कोपऱ्यात पडून राहू लागला. तो गरीब आहे असे आम्ही समजत होतो.

एप्रिलच्या अखेरीस त्याच्या डोळ्यांभोवती व नाकाशी लाल ओल दिसू लागली आणि श्वास घेताना घरघर ऐकू येऊ लागली. पशुवैद्यकीय डॉक्टरांनी पाहून सांगितले, की ते रक्त नव्हे. डोळ्यामागील ग्रंथीतून पॉर्फिरिन नावाचे लाल द्रव्य पाझरते, आणि प्राणी आजारी किंवा फार त्रासात असला म्हणजे ते असे साचते. निरोगी उंदीर आपले तोंड सतत पुसत असतो, आजारी उंदीर पुसेनासा होतो. पायांचे तळवे जाळीवर वावरून सुजले होते. भुशाच्या धुळीने आणि साचलेल्या मूत्राच्या अमोनियाने फुप्फुसे आधीच अशक्त झाली होती, त्यात सज्जातील ऊन. औषध दिले, परंतु आठवडाभरात तो गेला. डॉक्टर मुलीला काही बोलले नाहीत. मला मात्र त्यांनी पिंजऱ्याची मापे विचारली. मी ती हाताने दाखविली, त्यावर ते नुसते मान हलवून राहिले.

‘घरकुल’ हा शब्द आमच्या खात्यात आम्ही इतक्या वेळा लिहितो, की त्याचा अर्थ मनात उमटेनासा होतो. त्या दिवशी तो उमटला.

घराचा मेंदूवर परिणाम

पिंजरा मोठा असावा हे केवळ भूतदयेपोटी सांगितले जाते असे नाही. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी काही उंदीर प्रयोगशाळेतून आपल्या घरी नेले व मुलांच्या सहवासात पाळीव प्राण्यांसारखे वाढविले. पुढे कोडी सोडविण्याच्या चाचण्यांत हे उंदीर पिंजऱ्यात वाढलेल्यांपेक्षा सरस ठरले. हा निष्कर्ष त्यांनी १९४७ साली मांडला. त्यानंतर १९६० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील केंद्रात मार्क रोझेनझ्वाइग, मॅरियन डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोष्टीचा पद्धतशीर पाठपुरावा केला. दूध तुटलेल्या पिलांपैकी काही मोठ्या पिंजऱ्यात घोळक्याने आणि रोज बदलल्या जाणाऱ्या खेळण्यांसह ठेवण्यात आली. काही लहान पिंजऱ्यांत एकेकटी ठेवण्यात आली. अन्नपाणी दोघांनाही सारखेच होते. काही आठवड्यांनी तपासले असता पहिल्या गटातील उंदरांच्या मेंदूचे बाह्यपटल अधिक जाड व वजनदार झाल्याचे आढळून आले. पोटभर अन्न हे जगण्यास पुरते, वाढण्यास पुरत नाही, हे येथे तराजूवर सिद्ध झाले. शिक्षक वाचकांना या प्रयोगाचे महत्त्व अधिक सांगावयास नको. वर्गखोलीविषयीच्या पुढील काळातील विचारावरही त्याची छाया पडलेली आहे.

२०१९ साली अमेरिकेतील रिचमंड विद्यापीठात उंदरांना छोटी मोटारगाडी चालविण्यास शिकविण्यात आले, तेव्हाही समृद्ध घरात राहिलेले उंदीर ती लवकर व अधिक चांगली शिकले. शिकागो विद्यापीठातील २०११ च्या प्रयोगात तर उंदराने अरुंद नळीत अडकलेल्या जोडीदाराचे दार उघडून त्याची सुटका केली. दुसरीकडे आवडता खाऊ ठेवलेला असतानाही त्याने हे केले, आणि पुष्कळदा तो खाऊ वाटूनही घेतला. असा प्राणी एकटा ठेवावा काय, याचे उत्तर या प्रयोगातच आहे.

सोबत

म्हणून घराच्या मापाआधी सोबतीचा विचार करावा. उंदीर किमान दोन असावेत आणि ते एकाच लिंगाचे असावेत, शक्यतो एकाच वितीतील. नर-मादी ठेवण्याचा मोह धरू नये. गर्भकाळ अवघा २१ ते २३ दिवसांचा असतो, एका वेळी आठ-दहा पिले होतात, मादी व्याल्यावर दिवसभरातच पुन्हा गाभण राहू शकते आणि पिले पाच-सहा आठवड्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. एका परिचित शिक्षकांनी वर्गात निरीक्षणासाठी डिसेंबरात एक जोडी ठेवली होती. होळीपर्यंत खोक्यांची संख्या बाकांच्या संख्येला भिडली. शेवटी कोणीतरी ती सारी पिले गावाबाहेर शेतात नेऊन सोडली. पांढऱ्या अंगाच्या त्या प्राण्यांना घार, घुबड आणि मांजर यांनी किती दिवस राहू दिले असेल, हे सांगावयास नको. शेतात सोडणे ही सुटका नव्हे. जी काही वाचतील ती शेतकऱ्याच्या माथी नवा भार होतील, हेही विसरता येत नाही.

घराची बांधणी

दोन उंदरांसाठी सुमारे ७५ सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच पिंजरा असावा. उंची महत्त्वाची, कारण हा चढणारा प्राणी आहे. मध्ये एक-दोन फळ्या टाकून मजले करावेत आणि त्यांना जोडणारी शिडी किंवा जाड सुती दोर लावावा. गजांमधील अंतर बारा मिलिमीटरहून अधिक नसावे. ज्या फटीतून डोके जाते तीतून पिलाचे सारे अंग जाते. कोणताही गावचा लोहार किंवा वेल्डिंगवाला हे काम करून देतो. गजांना विषारी नसलेला रंग पूर्ण वाळवून मगच प्राणी आत सोडावा. नुसत्या जस्ताच्या मुलाम्याची जाळी मूत्राने गंजते आणि तिचा वास जात नाही. काचेची पेटी दिसायला सुबक असली तरी तीत हवा खेळत नाही व अमोनिया साचतो, म्हणून ती टाळावी.

तळ सपाट व भरीव असावा. जाळीचा तळ मालकाच्या सोयीचा असतो, पायांच्या नव्हे. त्यावर दोन-तीन बोटे जाडीचे अंथरूण घालावे. रद्दी कागदाच्या पट्ट्या, जुन्या धुतलेल्या सुती कापडाचे तुकडे आणि कोरड्या, धूळ नसलेल्या भातपेंढ्याचे तुकडे हे सारे चालते. शाई हाताला लागते असा कागद घेऊ नये. वखारीचा बारीक भुसा वर्ज्य. देवदार व पाइन यांच्या सुवासिक छिलक्यांतील द्रव्ये श्वसनमार्गाला व यकृताला बाधतात.

निवाऱ्यासाठी आमच्याकडे काहीही विकत आणावे लागले नाही. आडवे ठेवलेले मातीचे मडके ही उंदराला मनापासून आवडणारी वास्तू आहे. तोंड रुंद असावे, मडके घरंगळू नये म्हणून दोन बाजूंनी विटेचे तुकडे लावावेत आणि आत कागदाच्या पट्ट्या न घालता त्या जवळ ठेवाव्यात. त्या स्वतः ओढून नेऊन घरटे रचण्याचे काम तो प्राणी तास-तास करतो. ते पाहण्यासारखे असते. वरच्या गजांना चार कोपऱ्यांनी बांधलेली जुन्या कापडाची झोळी दुपारच्या झोपेला उपयोगी पडते. पटाशीचे दात जन्मभर वाढत असल्याने कुरतडण्यासाठी रंग न दिलेले साधे लाकूड, नारळाची करवंटी किंवा पुठ्ठा कायम असावा. खेळणी आठवड्याला बदलावीत. ती महाग असण्याची गरज नाही, नवी असण्याची आहे.

साफसफाईबाबत एक सूचना. ओला भाग रोज काढावा, संपूर्ण अंथरूण आठवड्याला बदलावे, परंतु जुन्या कोरड्या अंथरुणाची एक मूठ नव्यात मिसळावी. उंदीर आपले घर वासाने ओळखतो. सारे काही एकदम धुऊन काढले तर तो पुन्हा सगळीकडे मूत्राची खूण करीत फिरतो आणि घर अधिकच लवकर घाण होते.

पिंजरा कोठे ठेवावा, हा प्रश्न महाराष्ट्रात पिंजऱ्याइतकाच महत्त्वाचा आहे. उंदराला घाम येत नाही. अंगातील उष्णता तो मुख्यतः शेपटीवाटे बाहेर टाकतो. १८ ते २६ अंश सेल्सिअस तापमान त्याला मानवते, तिशीच्या वर त्याची तगमग सुरू होते. विदर्भ-मराठवाड्यातील मे महिना किंवा पत्र्याच्या छपराची शाळा म्हणजे त्याच्या जिवाशी गाठ. अशा दिवसांत पिंजरा घरातील सर्वांत थंड खोलीत, जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवावा. आत फरशीचा एक तुकडा ठेवावा, त्यावर तो पोट टेकून पडतो. गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूस ठेवावी, म्हणजे हवे तर जवळ, नको तर दूर जाता येते. कोरड्या हवेत पिंजऱ्याबाहेर ओला पडदा किंवा भिजवलेला माठ उपयोगी ठरतो. कोकणात मात्र त्याचा उपयोग नाही, कारण दमट हवेत ओल वाढते आणि छातीचे दुखणे उलटते. थेट ऊन आणि झगझगीत दिवा दोन्ही टाळावीत. पांढऱ्या उंदराच्या लाल डोळ्यांत प्रकाश अडविणारे रंगद्रव्य नसल्याने प्रखर उजेडाने त्याची दृष्टी अधू होते.

दूरचित्रवाणी संचाशेजारीही पिंजरा नसावा. माणसाला ऐकू न येणारे उच्च ध्वनी उंदराला ऐकू येतात. त्याची भीतीची हाक सुमारे २२ किलोहर्ट्झची आणि आनंदाची सुमारे ५० किलोहर्ट्झची असते. या आनंदध्वनीचा छडा जाक पँकसेप या शास्त्रज्ञाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस उंदरांना गुदगुल्या करून लावला. शास्त्राच्या इतिहासात असा सुखद प्रयोग क्वचितच सापडेल.

अन्न आणि आरोग्य

अन्नाबाबत फार लिहिण्यासारखे नाही. वजनाच्या दर शंभर ग्रॅममागे पाच ग्रॅम कोरडे अन्न व दहा मिलिलिटर पाणी हा रोजचा ठोकताळा होय. ज्वारी, गहू, बाजरी, शिजवलेली डाळ, मोड आलेले मूग, काकडी, गाजर, अधूनमधून उकडलेल्या अंड्याचा तुकडा. शेंगदाणे, तळण व गोडधोड यांचा लाड करू नये, कारण लठ्ठपणा याही प्राण्याला आयुष्य कमी करणारा आहे. पाण्याची बाटली उलटी टांगावी आणि नळी रोज तपासावी.

उंदराला वांती होत नाही. विषारी आमिष खाल्ल्यावर तो ते बाहेर टाकू शकत नाही. पाळलेला उंदीर ज्या घरात आहे तेथे झिंक फॉस्फाइडची पुडी किंवा गोठणविरोधी औषधाच्या वड्या यांना जागा नसावी. परंतु पाळीव उंदराच्या सांडलेल्या दाण्यांमागे रानटी उंदीर येतात, आणि त्यांच्या मूत्रातूनच लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाळीव प्राण्याकडे व पुढे माणसाकडे येऊ शकतात. म्हणून पिंजऱ्याखाली सांडलेले दाणे रोज संध्याकाळी झाडून घ्यावेत, धान्याचा डबा घट्ट झाकणाचा असावा आणि पिंजऱ्याच्या पायांना भिंतीचा आधार नसावा. या घराने आतल्याला सुख द्यावयाचे तसे बाहेरच्याला मज्जावही करावयाचा आहे.

निरोगी दिसणाऱ्या पाळीव उंदराच्या तोंडातही मूषकदंश ज्वराचे जंतू असू शकतात. हाताळल्यानंतर साबणाने हात धुणे, पिंजरा स्वयंपाकाच्या मोरीत न धुणे आणि पाच वर्षांखालील मुलांच्या हाती उंदीर न देणे एवढी पथ्ये पुरेशी आहेत. चावा घेतला असता जखम साबण-पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवावी, आणि पुढे ताप, सांधेदुखी किंवा पुरळ दिसल्यास उंदीर चावल्याचे आवर्जून सांगावे. नुसत्या तापावरून हे निदान सुचत नाही.

शाळेत उंदीर ठेवावयाचे असल्यास मुख्याध्यापकांनी प्रथम दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीचा हिशेब करावा. शनिवार-रविवार पाणी कोण भरणार, मे महिन्यात पिंजरा कोणाच्या घरी जाणार, हे नावानिशी ठरलेले नसेल तर उंदीर आणू नयेत. शिपायावर ही जबाबदारी तोंडी टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती येथे चालत नाही.

आमच्या घरी पहिला उंदीर गेल्यानंतर बरेच महिने हा विषय निघाला नाही. पावसाळ्यात मुलीने स्वतः वर दिलेली मापे कागदावर काढून आणली, लोहाराकडे माझ्यासोबत ती आली, आणि मग दोन सख्ख्या बहिणी त्या घरात राहावयास आल्या. त्यांना आता दोन वर्षांहून अधिक काळ झाला. या वयात मागचे पाय दुबळे होतात. थोरली शिडी चढताना घसरू लागली, तेव्हा शिडी काढून तेथे फडके गुंडाळलेली उतरती फळी लावली. मागील महिन्यात वरचा मजलाही काढून टाकला. मडके आता खालीच आहे, पाण्याची नळी चार बोटे उतरविली आहे, आणि कागदाच्या पट्ट्या धाकटी दोघींपुरत्या ओढून आणते.